इंजिनाची बैठक

जुन्या मोटारीवर ज्याचा जीव जडला आहे, त्याच्यापुढें केव्हांतरी हा प्रश्न उभा राहतोच : मूळ इंजिन झिजलें, सुटे भाग मिळत नाहींत, तेव्हां दुसऱ्या गाडीचें इंजिन बसवावें काय? आपल्याकडे पेट्रोलवर चालणाऱ्या कित्येक जुन्या जीपगाड्या अशाच रीतीनें डिझेलवर आल्या. अशा वेळीं अश्वशक्तीचा विचार सर्वच करतात. परंतु इंजिन ज्या रबरी उशांवर बसावयाचें, त्या माउंटिंगांचा विचार बहुधा शेवटीं होतो. कारागीर त्यांना ‘फाउंडेशन’ म्हणतात, आणि तें नांव समर्पक आहे.

या उशांना तीन कामें करावीं लागतात. इंजिनाचें वजन पेलणें, त्याचा कंप चासीपर्यंत पोहोंचूं न देणें आणि त्याचा पीळ सोसणें. पहिल्या व तिसऱ्या कामास ताठपणा हवा, दुसऱ्यास मऊपणा. या परस्परविरोधी गरजांचा मेळ घालणें, यांतच निवडीचें सारें मर्म आहे. अमेरिकेंत १९३१ सालीं प्लिमथ गाडीनें हा मेळ प्रथमच मोठ्या प्रमाणावर साधून दाखविला. तिची पुढची उशी उंच व मागची सखल ठेविली होती. त्यामुळें चार सिलिंडरांचें इंजिन आपल्या गुरुत्वमध्यांतून जाणाऱ्या अक्षाभोंवतीं डोलूं शके, आणि आंतील माणसांस धक्के जाणवत नसत.

आतां थोडें गणित पाहूं. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटाला ७०० फेरे घेत उभें असतां त्याचा मुख्य कंप सेकंदास सुमारें २३ वेळां होतो. इंजिनाच्या भारानें उशी ४ मिलिमीटर दबली, तर तिचा स्वतःचा झोका सेकंदास सुमारें ८ असतो. दोहोंत पुरेसें अंतर राहतें व कंप अडतो. परंतु तीच उशी दहापट ताठ घेतली, तर झोका २५ च्या आसपास येतो आणि दोन्ही कंप एकमेकांस साथ देऊं लागतात. मग आरसे थरथरतात, बोल्ट ढिले होतात. जड इंजिनासाठीं केलेलीं कठीण रबरें हलक्या इंजिनाखालीं घालूं नयेत, तें याचसाठीं.

उलट, फार मऊ रबरही घातक. गिअरपेटी इंजिनास जोडलेली असल्यामुळें पहिल्या गिअरमध्यें उशांवर येणारा पीळ इंजिनाच्या पिळाच्या सुमारें तिप्पट होतो, आणि इंजिनाची एक बाजू वर उचलली जाते. १९७१ सालीं अमेरिकेंत जनरल मोटर्सला सुमारें ६७ लक्ष शेव्हरोले गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्या याच कारणानें. रबर धातूपासून सुटे, इंजिन उचलले जाई, आणि त्यासरशीं पेट्रोलची झडप ओढली जाऊन गाडी आपोआप वेग घेई. म्हणून रबर तुटलें तरी धातूंत धातू अडकून राहील, अशीच रचना पसंत करावी.

तेव्हां नियम साधा आहे. ज्या इंजिनाची निवड केली, त्याचींच मूळ रबरें शक्यतों वापरावीं, त्यांचा मूळ कोन राखावा, आणि चासीवरील आधार त्यांस अनुरूप असे नवे करून घ्यावेत. जुन्या भोकांत बसतें म्हणून कोणतेंही रबर घेऊं नये. रबर धुराच्या नळीपासून दूर व तेलापासून सुरक्षित असावें. तेलानें तें फुगतें. रबरांतून वीज जात नाहीं, म्हणून इंजिन व चासी यांना जोडणारी जाड तार विसरूं नये. नोंदणी कार्यालयाची परवानगीही आधीं घ्यावी.

इंजिन गाडीला गति देतें. पण त्या गतीचा भरंवसा मात्र या चार-दोन रबरी उशांवरच असतो.