जांघेतले दुखणे ‘वात’ म्हणून अंगावर काढू नका



डोंबिवलीत पाथर्ली, त्रिमूर्तीनगर भागात घरोघर फिरताना आम्हाला एक चाल ओळखीची झाली आहे. चार घरची धुणीभांडी करणारी मावशी एका अंगाला झुकत चालते. विचारले की म्हणते, “वात आहे गं बाई, वय झालं आता.” वय किती? बावन्न! गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो चांगला निघाला. मग दुखणे कुठले?

दुखणे खुब्याचे होते. मांडीच्या हाडाचे गोल टोक कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरते, तो खुब्याचा सांधा. दोन्ही हाडांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. ते झिजले की हाडावर हाड घासते. यालाच ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. खुबा झिजला तर दुखते बहुधा जांघेत. कधी मांडीत, कधी चक्क गुडघ्यात. पायाची नखे काढताना, मांडी घालताना, रेल्वेचा जिना चढताना कळ येते.

वाढते वय, जास्त वजन, जुना मार, जन्मापासून उथळ असलेली वाटी, वर्षानुवर्षांचे ओझे उचलणे यांमुळे ही झीज होते. पण तिशी-चाळिशीत खुबा दुखू लागला तर आणखी एक कारण तपासले पाहिजे. हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटला की ते मरते, खचते आणि मग सांधा झिजतो. अति दारूने हे होते. खूप दिवस स्टिरॉइड घेतल्यानेही होते. म्हणून “सुई मारली की आठ दिवस बरं वाटतं” असे कोणी म्हणाले की आम्हाला धास्ती वाटते. सुईत किंवा पुडीत काय आहे, हे विचारा. तो तुमचा हक्क आहे.

तिसरे कारण सिकलसेल. यात रक्तपेशी विळ्यासारख्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडच्या आपल्या बौद्ध कुटुंबांत आणि आदिवासी बांधवांत हा आजार आढळतो. तिकडून पोटासाठी इथे आलेल्यांनी रक्त तपासून घ्यावे. १ जुलै २०२३ पासून यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू आहे.

खुबा दुखला म्हणजे लगेच ऑपरेशन नव्हे. आधी वजन कमी करणे, शिकवलेले व्यायाम, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या. काठी दुखऱ्या बाजूला नाही, उलट्या हातात धरा; खुब्यावरचा भार हलका होतो. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज खाऊ नका, जठर आणि किडनी बिघडते.

मात्र रात्री झोप मोडते, घरातल्या घरात चालवत नाही, एक्स-रेत सांध्यातली फट संपली आहे, अशा वेळी झिजलेली कूर्चा औषधाने परत येत नाही. तेव्हा खुबा बदलतात. गोल टोक आणि वाटीच्या जागी धातू, प्लास्टिक किंवा सिरॅमिकचा सांधा बसवतात. बहुतेकांना एक-दोन दिवसांत आधाराने उभे करतात. बहुतेकांचा सांधा पंधरा-वीस वर्षे टिकतो. जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गाठ, सांधा निसटणे हे धोके आहेत; ते डॉक्टरांकडून आधीच समजून घ्या.

सुरुवात महापालिकेच्या शास्त्रीनगर किंवा कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात केसपेपर काढून करा. ऑपरेशन सांगितले तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा आणि ते योजनेत बसते का, हे पैसे भरण्याआधी विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही मेहेरबानी नाही, कायदा आहे.

शेवटचे काम वस्तीचे आहे. ऑपरेशननंतर उकिडवे बसणे, मांडी घालणे टाळायला सांगतात. घरी कमोडची खुर्ची ठेवता येईल. पण सार्वजनिक शौचालयात एक तरी कमोड आणि धरायला दांडा हवा. त्यासाठी प्रभाग कार्यालयात सह्यांचा अर्ज द्या. आणि विहारात मागे चार खुर्च्या मांडा. खाली बसता येत नाही म्हणून आपली एकही आजी वंदनेला यायची थांबू नये.