क्योटोत आषाढी

चूक सर्वस्वी माझी. जुलै २०२४मध्ये ऑफिसचं ओसाकाला दोन आठवड्यांचं काम निघालं. आईलाही सोबत न्यायचं ठरलं आणि मी स्वस्त तिकिटाच्या तारखा बघून धडाधड बुकिंग करून टाकलं. कॅलेंडर बघायचं सुचलंच नाही. १७ जुलै म्हणजे आषाढी! वैरागहून एसटीनं पंढरपूर गाठायचं, चंद्रभागेत पाय बुडवायचे आणि रांगेच्या भानगडीत न पडता कळसाचं दर्शन घेऊन परतायचं, हा आईचा वर्षानुवर्षांचा नेम. बाबा गेले त्या वर्षीही तिनं तो मोडला नव्हता. तारीख कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "तिकडं रताळं मिळतं का गं?" मला जाम ओशाळल्यासारखं झालं.

मिळतं! जपान्यांना रताळं भयंकर आवडतं. सुपरमार्केटात अख्खं भाजलेलं, गरमागरम, कागदी पिशवीत घालून देतात. उपासाचा प्रश्न सुटला; वांधे बाकीच्या दिवसांचे होते. सूप असो की नूडल्स, 'दाशी' बहुतेक सगळ्यात असते, म्हणजे सुक्या मासळीचा अर्क. आईनं बॅगेतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली, तेव्हा मी आधी हसले आणि मग अर्धी मीच संपवली. क्योटोत मात्र बौद्ध मठांतलं 'शोजिन' जेवण मिळालं. त्यात मासळी नाही आणि कांदा-लसूणही नाही. तिळाचा मऊ तोफू खाऊन आई म्हणाली, "हे तर माळकऱ्याचं जेवण!"

१७ला सुट्टी टाकून आम्ही क्योटोच्या गिओन उत्सवात. सन ८६९मध्ये साथीचे रोग हटावेत म्हणून सुरू झालेला हा उत्सव. 'गिओन' हे नावही बुद्धाच्या जेतवनावरून आलेलं. सकाळी २३ रथ निघतात. मोठा रथ १२ टनांच्या घरात, सांगाडा दोरांनी बांधलेला, एक खिळा नाही. चाकं वळत नाहीत, म्हणून चौकात त्यांच्याखाली बांबूच्या पट्ट्या अंथरून पाणी मारतात आणि चाळीस-पन्नास जण 'एन्याराया' ओरडत रथ आडवा ओढतात. आई लगेच म्हणाली, "उसाची गाडी चिखलात रुतली की पाचट घालतात, तसंच की." तासभर उकाड्यात उभं राहून एवढं नेमकं मला सुचलं नसतं.

रथांवर लटकवलेल्या जुन्या कापडांत ट्रॉयच्या युद्धाची चित्रं असलेले बेल्जियमचे पडदे आहेत. डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून आलेले हिंदुस्थानी गालिचेही आहेत, आणि त्यातले काही आपल्या दख्खनचे असल्याचं अभ्यासक सांगतात. हे ऐकून आईची मान ताठ. "मग नीट ठेवलेत हो त्यांनी." (आमच्या घरातली सोलापुरी चादर सध्या गाडी पुसायला आहे, हे मी बोलले नाही.)

बांबूच्या पानांची 'चिमाकी' बघून मला वाटलं खायची असेल. तर ती रोगराई येऊ नये म्हणून दारावर टांगायची! आईनं दोन घेतल्या, एक शेजारच्या काकूंसाठी.

संध्याकाळी यासाका देवस्थानातून तीन पालख्या निघाल्या. 'होइत्तो, होइत्तो' असा गजर करत शेकडो माणसं त्या खांद्यावर नाचवत होती. दिवसभर गप्प असलेली आई अचानक गर्दीतून वाट काढत थेट दोरापाशी जाऊन उभी राहिली.

"यांचा देव कुठं निघाला?"

"बाजारपेठेत मुक्कामाला. २४ तारखेला परत येतो."

"बरंय," म्हणत तिनं पर्समधून बुक्क्याची पुडी काढली. वैरागहून आणली होती आणि मला बोलली नव्हती. आधी माझ्या कपाळाला लावला. बाजूला उभ्या जपानी आजी कुतूहलानं बघत होत्या. त्यांनी कपाळ पुढे केलं, तर त्यांनाही लावला. आजी कमरेत वाकल्या. आईही वाकली, वारीत वाकते तशी, थेट त्यांच्या पायांपर्यंत.