फितींचे दफ्तरखाने

पुण्याच्या पेशवे दफ्तरातील एखादा कागद पाहावयाचा, तर त्याचा रुमाल कोणत्या फडताळात आहे हे आधी फेरिस्तीवरून ठरवावे लागते, मग कारकुनाकरवी तो मेजावर आणवावा लागतो, आणि गाठ सोडल्यावाचून आतले एक अक्षरही दिसत नाही. सुमारे 35 हजार रुमालांच्या या संग्रहातून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात निवडक कागदांचे 45 खंड संपादिले. त्या दफ्तराची रीत ज्याने ध्यानात घेतली, त्याला संगणकातील माहिती फितींवर जपणाऱ्या टेप लायब्ररी नामक यंत्राची परिभाषा परकी वाटण्याचे कारण नाही.

येथील रुमाल म्हणजे कार्ट्रिज : तळहाताएवढी प्लास्टिकची पेटी, जिच्यात अर्धा इंच रुंदीची चुंबकीय फीत एकाच रिळावर गुंडाळलेली असते. दुसरे रीळ असते वाचनयंत्रात, म्हणजे ड्राइव्हमध्ये. पेटी आत गेली की फितीच्या टोकाची बारीक पिन धरून ड्राइव्ह ती आपल्याकडे ओढून घेतो. पेटी ज्या खणात विसावते तो स्लॉट, आणि ती उचलून ड्राइव्हपर्यंत नेणारा यांत्रिक हात तो रोबो, हाच आपला कारकून.

ज्या दोन शब्दांत नवख्याची हमखास गल्लत होते, त्यांवर थोडे थांबले पाहिजे. स्लॉटचा क्रमांक हा पेटीचा पत्ता आहे, नाव नव्हे. नाव असते ते तिच्या पाठीवरील बारकोडात. चाकणच्या कारखान्यात सुट्या भागांच्या खोक्यावर चिकटवलेली रेघांची चिठ्ठी ज्याने पाहिली आहे, त्याला हे सांगणे नलगे की खोके दुसऱ्या मांडणीवर गेले तरी चिठ्ठी तीच राहते. म्हणूनच दार उघडून कोणी हाताने पेट्या हलविल्या, तर यंत्र पुन्हा प्रत्येक खणासमोर जाऊन बारकोड वाचते आणि फेरिस्त नव्याने लिहिते. याला इन्व्हेंटरी म्हणतात.

फीत वाचण्याची तऱ्हा मात्र मला सर्वांहून मनोहर वाटते. खेड-मावळातील शेतकरी बांधापर्यंत तास ओढून औत वळवितो आणि परत येतो, तद्वत ड्राइव्ह एकदम 32 रेघा लिहीत टोकापर्यंत जातो, तेथून उलट फिरतो. एलटीओ जातीच्या फितींपैकी 2021 मध्ये आलेल्या एलटीओ-9 या नवव्या पिढीच्या पेटीत 1035 मीटर फीत असते. ती पूर्ण भरावयास अशा 280 एकेरी फेऱ्या लागतात, आणि त्यांत 18 टेराबाइट माहिती मावते. हवी ती नोंद फितीच्या दूरच्या टोकाशी असली, तर तिथवर पोहोचावयास मिनिटभरही लागते, हे या साधनाचे खरे उणे.

बाहेरची पेटी आत घेण्याची आणि आतली बाहेर देण्याची जी छोटी खिडकी असते, ती मेल स्लॉट. सरकारी कचेरीतील बारनिशीच ती. तेथून बाहेर पडून दूरच्या कपाटात कुलूपबंद झालेल्या पेटीपर्यंत कोणतीही तार पोहोचत नाही, या अंतरास एअर गॅप हे नाव आहे. अशा अलगपणाचे मोल एका प्रसंगी दिसून आले : 2011 साली एका सदोष बदलामुळे जीमेलच्या काही वापरकर्त्यांची पत्रे नाहीशी झाली, निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतींनाही तो दोष बाधला, आणि गूगलने ती पत्रे परत मिळविली ती फितींवरून.