गळ घालावा, पण केव्हा?

'गळ घालणे' म्हणजे आर्जव करणे, हे मी वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. पण खराखुरा गळ पाण्यात घालण्याचा योग आला तो चाकणजवळच्या भामा-आसखेड धरणावर. आमच्या शेजारचे फोरमनसाहेब आठवडाभर कारखान्यात यंत्रांशी झुंजतात आणि सुट्टीला माशांशी. एका श्रावणी रविवारी (घरात शाकाहार चालू असताना!) त्यांनी मलाच गळ घातली आणि मी होडीत जाऊन बसलो. वल्ह्यावर गावचे एक म्हातारे मच्छीमार होते. त्यांना सगळे मामा म्हणत. धरणातली मासेमारी त्यांच्या सोसायटीकडे. तेव्हा परवानगीचे काम आधीच उरकले होते.

आम्हांला हवी होती मरळ. अमेरिकेत हौशी लोक होडीतून 'लार्जमाऊथ बास' नावाच्या मोठ्या तोंडाच्या माशामागे लागतात. आपल्याकडे त्याच्या स्वभावाची हीच! पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसते आणि बेडूक दिसला की झडप घालते. मात्र तिचे एक गुपित आहे. नुसत्या कल्ल्यांवर तिचे भागत नाही; हवा घ्यायला तिला वर यावेच लागते. जाणता माणूस गळ टाकण्याआधी पाणी वाचतो तो याचसाठी.

"सर, उभं राहू नका. तुमची सावली तिला आधी दिसती," मामा म्हणाले. मी मुकाट्याने बसलो. बोलणे एक वेळ खपते, पण वल्हे होडीच्या काठावर आपटलेले खपत नाही. होडी गवतापासून तीस-चाळीस फूट दूर ठेवायची. गळ माशाच्या डोक्यावर न टाकता पलीकडे टाकायचा आणि थांबत थांबत, बेडकाच्या चालीने ओढायचा. फोरमनसाहेबांचा बेडूक रबराचा होता. मरळीने तो धरला तरी लगेच हिसका द्यायचा नाही. तोंड मिटून ती खाली वळेपर्यंत दम धरायचा. नवशिके चुकतात ते इथेच. मीही दोनदा चुकलो.

तिसऱ्या खेपेला गवताच्या कडेला पाण्यावर तांबूस डाग दिसला. जवळून पाहिले तर बोटाच्या पेराएवढी शेकडो पिल्ले एकत्र वळवळत होती. मी उत्साहाने गळ पलीकडे टाकला. बेडूक पिल्लांजवळ येतो न येतो तोच पाणी फुटले आणि दांडी वाकली. दोन हात लांबीची मरळ होडीशी आली, तसा मामांचा चेहरा उतरला.

"लेकुरवाळी हाय, सर. भूक म्हणून नाय धरला तिनं."

मरळीचे आईबाप पिल्लांची राखण करतात, आणि जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतात. तेव्हा तिला गळाला लावणे सर्वांत सोपे; म्हणूनच ते करायचे नसते. बासचा नरही पिल्लांवर असाच पहारा देतो म्हणे. एवढ्यात लहान मासे त्या तांबूस घोळक्यात घुसू लागले होते. फोरमनसाहेबांनी चिमट्याने गळ काढला (मरळीचे दात तीक्ष्ण, बोट घालू नये) आणि तिला पाण्यात सोडले.

आम्ही होडी मागे घेतली. कोणी बोलेना. बऱ्याच वेळाने गवताशी एक बुडबुडा फुटला. "तीच," मामा म्हणाले. फोरमनसाहेबांना खात्री वाटेना. तांबूस डाग मात्र हळूहळू गवताखाली सरकला.