पाय कुठं अडतो? नाचणाऱ्या बाईनं स्वतःला विचारायचे प्रश्न

श्रावण तोंडावर आलाय. गावोगावच्या गटांत मंगळागौरीच्या खेळांची तालीम सुरू झाली असेल. झिम्मा, फुगडी, पिंगा, सगळ्यांची उजळणी चालली असेल. अशा तालमीत एक वाक्य हमखास कानावर पडतं, “मला बाई नाच जमतच नाही.” असं म्हणणारी बाई सतरंजीवर जाऊन बसते आणि टाळ्या वाजवते. पुढच्या वर्षी तिच्या शेजारी आणखी एक बसते. बसणाऱ्यांतल्या काहींना जुने खेळ सगळ्यात जास्त ठाऊक असतात. त्या बसल्या की खेळही बसतो. म्हणून आज आपण या “जमत नाही”चं काय करायचं ते बघू.

आधी चुलीपाशी जाऊ. भाकरी फुगली नाही, तर आपण काय करतो? “मला स्वयंपाकच येत नाही” म्हणून उठून जातो का? नाही. आपण तपास करतो. पीठ जुनं झालं का? त्याची विरी गेली का? पाणी पुरेसं गरम होतं का? तवा तापला होता का? पुढच्या भाकरीला यातली एक गोष्ट बदलून बघतो. नाचालाही हेच लावायचं. “मला जमेल का?” या प्रश्नाचं उत्तर फक्त हो किंवा नाही. त्यातून शिकायला काही मिळत नाही. “माझा पाय नेमका कुठं अडतो?” असं विचारलं की शोध सुरू होतो. पहिल्या प्रश्नात आपण स्वतःला बोल लावतो, दुसऱ्यात आपण शिकतो.

आता असे चार प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न, माझा भार कुठं आहे? फुगडीत दोघी हातात हात गुंफून, पावलं जवळ ठेवून मागं झुकतात. एकीची ओढ दुसरी पेलते, म्हणून दोघी उभ्या राहतात. मग एक अंगानं भरलेली आणि दुसरी किडकिडीत असली तर? भरलेल्या बाईनं थोडं कमी झुकायचं आणि हलक्या बाईनं जास्त, म्हणजे ओढ सारखी होते. पुष्कळ जणी म्हणतात, “तिच्याबरोबर माझी फुगडी जमत नाही.” तिथं दोष कुणाचाच नसतो, झुकण्याचं माप तेवढं बदलायचं असतं. हात कोपरात वाकलेत का, तेही बघा. हात सरळ ठेवले की ओढ नीट लागते.

दुसरा प्रश्न, माझी नजर कुठं आहे? गरगर फिरल्यावर चक्कर का येते? आपल्या कानाच्या आत बारीक नळ्या आहेत, त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. हंडीतलं पाणी ढवळून हात काढला तरी ते फिरत राहतं ना? तसंच आपण थांबलो तरी तो द्रव थोडा वेळ हलतच राहतो, आणि मेंदूला वाटतं आपण अजून फिरतोय. कथक नाचणाऱ्या बाया चक्कर घेताना नजर समोरच्या एका ठिकाणी धरतात. अंग वळतं, मान शेवटी वळते आणि झटकन पुन्हा त्याच ठिकाणी येते. फुगडीत अशी खूण आपल्या समोरच असते, जोडीदारणीचा चेहरा. तीही आपल्याबरोबर फिरते, म्हणून भोवतालचं सगळं पळत असताना तिचा चेहरा तेवढा स्थिर दिसतो. जमिनीकडं किंवा बघणाऱ्यांकडं न बघता तिच्याकडं बघून पाहा.

तिसरा प्रश्न, माझा श्वास कुठं आहे? अवघड जागा आली की आपण नकळत श्वास कोंडतो आणि लगेच दमतो. फुगडीत तोंडानं जोरात ‘फू’ करायची रीत आहे. त्या आवाजानं रंगत तर येतेच, शिवाय श्वास आत कोंडून राहत नाही. जुन्या बायांच्या प्रत्येक रीतीला “हे असं का?” म्हणून विचारून बघा. काही वेळा उत्तर मिळेल, काही वेळा आपणच शोधावं लागेल.

चौथा प्रश्न, माझं पाऊल कसं पडतं? यासाठी कान वापरा. झिम्म्यात उडी घेतल्यावर धप्पकन आवाज आला, तर सगळा धक्का टाचेतून गुडघ्यात गेला असं समजा. चवड्यावर उतरून गुडघा थोडा वाकवला की आवाज कमी होतो आणि धक्काही. सिमेंटच्या ओट्यापेक्षा मातीची जमीन बरी. मात्र गुडघ्यात कळ आली, छातीत दुखलं किंवा थांबल्यावरही चक्कर बराच वेळ राहिली, तर नाच बंद करा आणि दवाखान्यात दाखवा. दुखणं अंगावर काढू नका.

आता कुणी म्हणेल, हे प्रश्न नवशिक्यांसाठी. तसं नाही. पुण्याच्या रोहिणी भाटे यांनी १९४७ साली ‘नृत्यभारती’ ही कथकची संस्था काढली. शिकवायला लागल्यावरही त्यांनी स्वतःचं शिकणं थांबवलं नाही. लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर या गुरूंकडं त्या शिकत राहिल्या. गाणं शिकल्या. परदेशातल्या इझाडोरा डंकन या नर्तकीचं आत्मचरित्र त्यांनी मराठीत आणलं. आपल्या नाचाहून अगदी वेगळा नाच नाचणारी बाई काय विचार करते, हेही त्यांना जाणून घ्यावंसं वाटलं.

दुसरं नाव वाईच्या यमुनाबाई वाईकरांचं. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बैठकीच्या लावणीत बाई बसून अदा करते. तिथं पायांचा जोर नसतो, सगळं डोळे, मान आणि हात यांतून सांगायचं असतं. एकच ओळ पुन्हा पुन्हा गायची आणि दर वेळी अदा वेगळी. हे कसं साधतं? ओळीला प्रश्न विचारून. ही बाई हे कुणाला म्हणतेय? रागानं की लाडानं? तो समोर आहे की दूर गेलाय? उत्तर बदललं की डोळा बदलतो. आपल्या पिंग्याच्या गाण्यातही दोघींची जुगलबंदी असते. नुसती कंबर हलवण्याआधी विचारा, मी आत्ता कोण आहे आणि समोरचीला काय सुनावतेय? सत्तर वर्षांच्या आजीलाही हे बसल्या जागी करता येतं. म्हणजे सतरंजीवरची बाईही नाचात आली की नाही?

आता या आठवड्याचं काम. गटात दोघी-दोघींच्या जोड्या करा. एकीनं खेळ करायचा, दुसरीनं फक्त प्रश्न विचारायचे. “चुकलं” हा शब्द वापरायचा नाही. “भार कुठं होता? नजर कुठं गेली? दम कुठं लागला?” एवढंच. मग एकच गोष्ट बदलून पुन्हा करायचं. एकदम चार गोष्टी बदलल्या, तर कशानं फरक पडला ते कळत नाही. काय सापडलं ते गटाच्या वहीत मागच्या पानावर दोन ओळीत लिहा.

आणि एक प्रश्न गावातल्या थोरल्या बायांना विचारा, “तुमच्या माहेरी हा खेळ कसा खेळत?” एकेका आजीजवळ वेगळा खेळ निघेल. मोबाईलवरचा नाच उद्याही बघता येईल. आजीचा खेळ मात्र ती आहे तोवरच विचारून घ्यायला हवा.

तेव्हा मैत्रिणींनो, पदर खोचा आणि उठा. सतरंजीवर बसलेल्या बाईला “ये गं” एवढंच म्हणू नका. तिला विचारा, “तुझा पाय कुठं अडतो? चल, दोघी मिळून बघू.”