एकास बाराचे गणित

डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, अभियंते, वास्तुविशारद आणि अगदी आशा व अंगणवाडी सेविका यांच्याही शिक्षणात दिव्यांगत्व हा घटक असला पाहिजे, असे दिव्यांगजन हक्क अधिनियम, 2016 चे 47 वे कलम सांगते आणि या विषयाच्या अध्यापन-संशोधनास चालना देण्याची जबाबदारी विद्यापीठांवर टाकते. महाविद्यालयांत या अधिनियमाची चर्चा मात्र बहुधा प्रवेशातील पाच टक्के राखीव जागांपाशीच थांबते; त्याच वर्गातून बाहेर पडणारा अभियंता उद्या कशा पायऱ्या, कशी दारे आणि कसे रस्ते बांधणार आहे, हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या कडेलाच राहतो.

इमारत, वाहन, कागदपत्र किंवा संकेतस्थळ दिव्यांग व्यक्तीला अडथळ्याविना वापरता येणे म्हणजे सुगम्यता, तर कोणतीही वस्तू वा वास्तू मुळातच जास्तीत जास्त लोकांना, वेगळी सोय न जोडता, वापरता येईल अशी आखणे म्हणजे युनिव्हर्सल डिझाइन, अर्थात सार्वत्रिक रचना. ही दुसरी संज्ञा रूढ करणारे अमेरिकी वास्तुविशारद रॉन मेस बालपणी पोलिओ झाल्याने स्वतः चाकाची खुर्ची वापरत, आणि त्यांच्या पुढाकाराने 1997 मध्ये या रचनेची सात तत्त्वे मांडली गेली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 2011 मध्ये भारतासाठी मांडलेल्या पाच तत्त्वांत समन्याय आणि वापरातील सहजता यांच्या जोडीला संस्कृतीशी मेळ, परवडणारा खर्च आणि सौंदर्य यांनाही स्थान मिळाले, ही भर महत्त्वाची आहे.

तिचे महत्त्व सातारा जिल्ह्यातील म्हसवडसारख्या गावात अधिक कळते. 2011 च्या जनगणनेनुसार देशातील 2.68 कोटी दिव्यांगांपैकी सुमारे 69 टक्के ग्रामीण भागात राहतात, पण मानकांच्या पुस्तकांतील आकृत्या पाहाव्यात तर त्या सपाट फरशीच्या शहरी इमारतींच्या असतात. उताराचा नियम एकास बारा, म्हणजे एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांबीचा उतार. त्यामुळे तीन फूट उंच जोत्याच्या जुन्या घराला किंवा कार्यालयाला छत्तीस फुटांची जागा लागते आणि दर 750 मिलिमीटर चढानंतर सपाट टप्पा ठेवायचा असल्याने तिच्यात आणखी भर पडते. गावठाणातल्या बोळात एवढी जागा कोठून आणायची, म्हणून दारात घसरगुंडीसारखा तीव्र उतार ओतून काम संपवले जाते, आणि त्यावरून खुर्ची मागे घरंगळते. उत्तर कदाचित मागच्या दाराने प्रवेश देण्यात, जोते मुळातच कमी ठेवण्यात किंवा व्यवहार तळमजल्याच्या ओसरीवर आणण्यात असेल. ते शोधण्यासाठी विद्यार्थ्याला फूटपट्टी घेऊन गावातच फिरावे लागेल. मार्गशीर्षातील सिद्धनाथाच्या रथयात्रेची गर्दी, आठवडे बाजारातील दुकानांमधली वाट, एसटीची पहिली पायरी हीच येथील प्रयोगशाळा होय.

येथील एक उदाहरण तर दिव्यांगत्वाचा विचार न करताही सार्वत्रिक रचनेच्या तत्त्वाजवळ पोहोचलेले दिसते. 1997 मध्ये म्हसवडात सुरू झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेने दुकान सोडून बँकेत येणे ज्यांना परवडत नाही अशा बायकांकडे आपला प्रतिनिधी पाठवण्याची पद्धत स्वीकारली. ही पद्धत जिना चढू न शकणाऱ्या खातेदारालाही तेवढीच उपयोगी पडते. सेवा वापरणाऱ्याच्या दिनक्रमापासून आखणीला सुरुवात केली की काय साधते, हे शिकवण्यास ती पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा सरस आहे.

सुगम्यतेविषयीच्या राजीव रतुरी प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केलेला भेदही अभ्यासक्रमात यायला हवा: सुगम्यता ही कोणी मागण्यापूर्वीच सर्वांसाठी करावयाची तजवीज, तर एखाद्या व्यक्तीच्या विशिष्ट गरजेनुसार केलेला फेरबदल ही वाजवी सोय. सुगम्यतेचे निकष 2017 च्या नियमांतील 15 व्या नियमात निव्वळ शिफारशीसारखे राहिले होते, म्हणून न्यायालयाने तो नियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष वेगळे काढण्यास केंद्र सरकारला सांगितले. अधिनियमाच्या 44 व्या कलमानुसार निकष न पाळणाऱ्या इमारतीला बांधकाम परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही, आणि नगरपरिषदेत असे नकाशे तपासणाऱ्या अभियंत्याला उताराचे हे गणित महाविद्यालयातच शिकून यावे लागेल.