सीपीआर: कार्डाची मुदत आणि हाताची मुदत

तुकईथड हे बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनार तहसिलीतलं गाव. इथे शेतात, विहिरीवर किंवा बाजारात कुणाचं हृदय एकाएकी बंद पडलं, तर १०८ ला फोन लागला तरी गाडी यायला वेळ लागणारच. मेंदूचं रक्त थांबलं की चार-पाच मिनिटांत इजा होऊ लागते. तेवढ्या वेळात जवळ असतात ते घरचे आणि शेजारी. म्हणून सीपीआरबद्दलचे, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवण्याबद्दलचे, गैरसमज अशा गावांना फार महाग पडतात.

‘एकदा सर्टिफिकेट काढलं की झालं’

तसं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस (प्राथमिक जीवनरक्षण) कार्ड दोन वर्षं चालतं, ज्या महिन्यात मिळालं त्या महिन्याच्या अखेरीपर्यंत. दवाखान्यातल्या नर्सताई, डॉक्टर या तारखेवर लक्ष ठेवतात, कारण नोकरीत ती विचारली जाते. पण हाताची मुदत कार्डापेक्षा खूपच कमी असते. सराव नसेल तर तीन ते सहा महिन्यांतच दाबाची खोली आणि वेग बिघडायला लागतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची. हे तोंडपाठ असलेला माणूसही सरावाच्या पुतळ्यावर हात ठेवला की उथळ दाबतो किंवा छातीवर रेलून राहतो. दोन मिनिटांत दमायला होतं, म्हणून दाबणारा बदलायचा असतो, आणि नेमकं तेच विसरलं जातं.

शिवाय शास्त्रही बदलतं. पूर्वी पंधरा दाब आणि दोन श्वास असं शिकवत, २००५ पासून तीस दाब आणि दोन श्वास. २०१० मध्ये क्रमच उलटला: आधी श्वास नव्हे, आधी छाती. २०१५ मध्ये वेगाला आणि खोलीला वरची मर्यादा घातली गेली. जुन्या वहीतलं टिपण घेऊन बसणाऱ्याला यातलं काही कळत नाही. नूतनीकरणाचा खरा फायदा हाच.

‘मुदत संपली, आता हात लावला तर पोलीस मागे लागतील’

हा समज सगळ्यांत घातक. जीव वाचवायला कार्ड लागत नाही, ते लागतं नोकरीला. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४अ, अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी कारवाईपासून संरक्षण देतं. रस्त्याबाहेरही, बेशुद्ध माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चा आधार आहे. बरगडी मोडेल ही भीती खोटी नाही, ती मोडू शकते. पण ती पुढे जुळते.

‘मोबाईलवर व्हिडिओ पाहिला, सर्टिफिकेट डाउनलोड केलं’

व्हिडिओने माहिती मिळते, हाताला वळण लागत नाही. हार्ट असोसिएशनच्या ऑनलाइन अभ्यासक्रमातही पुतळ्यावर प्रत्यक्ष करून दाखवल्याशिवाय कार्ड मिळत नाही. ६ डिसेंबर २०२३ रोजी देशभर सीपीआर जनजागृतीचा मोठा कार्यक्रम झाला. असे कार्यक्रम हवेतच, मात्र जनजागृतीत भाग घेणं आणि कौशल्याची परीक्षा पास होणं यात फरक आहे.

‘श्वास द्यायची आता गरजच नाही’

हे अर्धसत्य. एकाएकी कोसळलेल्या मोठ्या माणसाला, शिक्षण नसेल तर, नुसती छाती दाबत राहिलं तरी चालतं. भारतीय पुनरुज्जीवन परिषदेने सामान्य लोकांसाठी मांडलेली ‘कोल्स’ पद्धत हेच सांगते. पण विहिरीतून काढलेल्या पोराची गोष्ट वेगळी. तिथे मुळात हवाच तुटलेली असते, म्हणून श्वास द्यावेच लागतात. मण्यार चावून श्वास बंद पडलेल्याचंही तसंच. शेतीच्या गावात हे दोन प्रसंग हृदयविकाराइतकेच खरे आहेत, आणि श्वास देणं ही गोष्टही सरावाशिवाय विसरली जाते.

नूतनीकरणाची वाट न पाहता दर दोन-तीन महिन्यांनी घट्ट उशी घ्यावी आणि मोबाईलवर दोन मिनिटांची वेळ लावावी. तळहाताचा मनगटाकडचा भाग उशीवर, कोपर ताठ, खांदे हाताच्या बरोबर वर. जिवंत माणसाच्या छातीवर सराव कधीच करू नये. गावात आशाताई, शिक्षक आणि पाच-सहा तरुणांनी मिळून पुतळ्यासह प्रशिक्षण देणाऱ्याला वर्षातून एकदा बोलावलं, तर सगळ्यांचे हात एकाच दिवशी तपासून होतील. आणि त्या दिवशी १०८ ला फोन लावून तो स्पीकरवर ठेवायचा, याचीही खरा फोन न लावता रंगीत तालीम करावी.